सुकलाल नानांचा कोक

लोक दारी आलेल्याला सुपारी देतात. आमच्या लोणखेड्याचे सुकलाल नाना सदऱ्याच्या खिशातून कोकचा तुकडा काढून हातावर ठेवतात. कोक म्हणजे भाजून धूर काढून टाकलेला दगडी कोळसा. "दखा, कितला हलका शे!" पाहुणा बिचारा तो तुकडा घेऊन इकडेतिकडे बघतो. परत करायला गेला, तर नानांना राग येतो.

नाना आयटीआयमध्ये ओतकाम शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. पूर्वी लोखंड लाकडी कोळशावर गाळायचे, त्यात जंगलंच्या जंगलं संपायची. दगडी कोळसा तसाच भट्टीत घातला, तर त्यातल्या गंधकाने लोखंड चिक्कीसारखं तुटायचं. मग विलायतेतल्या बिअरवाल्यांनी आगीवर वाळवायच्या धान्याला धुराचा वास लागू नये म्हणून कोळसाच आधी भाजून घेतला, आणि पुढे एका भांडी ओतणाऱ्याने तो लोखंडाच्या भट्टीत नेला. ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे, की तो भांडीवाला मला आमच्याच गल्लीतला वाटतो. गळ्यात माळ घातलेले नाना दर वेळी हात जोडून म्हणतात, "आपुन पेत नही, पन दारूवालासना उपकार मानना पडस."

गल्लीत सासूसुनेचं वाजलं, की नाना ओट्यावरून सल्ला देतात, "पहिले धूर निंघू द्या, मंग बोला." एकदा मी त्यांना सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे दाखवायला नेलं. गृहस्थाने एका घोड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नाल ठोकणाऱ्याच्या भट्टीपाशी उकिडवे बसले, ते परतीच्या वेळीच उठले. तोवर त्याचा भाताही यांच्याच हातात आला होता.

मागच्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी कहर केला. गल्लीतल्या गच्च्यांवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातलेल्या, आणि नानांनी नेमका त्याच दिवशी परसात पत्र्याचा डबा दगडी कोळशाने भरून, झाकण मातीने लिंपून, खाली जाळ लावला. पिवळा धूर थेट गच्च्यांवर. माझी बायको पदर खोचून गेली.

"नाना, ह्या बिबड्यास्ले डांबरना वास लागना! आते ह्या कोन खाई?"

नानांचा चेहरा उजळला. "लागना ना? म्हनजे कोक जमी ऱ्हायना!"

त्या दिवसापासून गल्लीने नानांकडे जाणं सोडलं. तसंही येणारं-जाणारं होतं कोण? नानांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या; मुलगा सुरतेला. मीच काय तो पेपरच्या निमित्ताने डोकवायचो.

"एवढा कोक करायचा तरी कशाला?" एकदा मी वैतागून विचारलं. नानांनी फडकं सोडून दाखवलं. आत काकूंचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा होता, तुकडे झालेला. भाकरी झाल्यावर नानांनी तापलेला तवा नळाखाली धरला आणि तो तडकला. शहाद्याच्या वेल्डिंगवाल्यांनी हात वर केले. "तेच बीड पातळ करसू, तोच तवा ओतसू," नाना म्हणाले.

"मग विकतचा कोक आणा की."

"तिन्हा तवा शे, भाऊ," ते म्हणाले.

कित्येक डबे वाया घालवून शेवटी नानांचा कोक जमला. गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. स्वतः इस्त्रीचा सदरा घालून तयार. रेतीचा साचा दाबून ठेवलेला, कोक पांढरा फटफटीत पेटलेला, त्यात बीड वितळवायची मूस लाल झालेली. मी भाता मारत होतो.

"टाका, नाना."

नानांनी तव्याचा एक तुकडा उचलला आणि अंगठ्याने पुसला. इतक्या वर्षांच्या तेलाने तो काळा तुळतुळीत झाला होता.

"हाऊ तिन्हा हात शे, भाऊ," ते म्हणाले. "पातळ व्हयनं म्हनजे नुसतं बीड ऱ्हाई."

भाता कधी थांबला, मला कळलंच नाही. नानांनी तुकडे पुन्हा फडक्यात बांधले आणि आत नेऊन ठेवले. येताना त्यांच्या हातात चहाचं पातेलं होतं. "धग वाया जाई," म्हणाले. त्या आगीवर चहा क्षणात उतू गेला. उरला तेवढा आम्ही दोघांनी घेतला.

मी निघालो, तेव्हा नाना फाटकापर्यंत आले.

"उद्याबी या ना, भाऊ," ते म्हणाले. "कोक आजून पोतंभर पडेल शे."