रांगोळीच्या आतला लसूण

"अगं, आजोबांची चाळीस एकर होती आमची! शेती रक्तात आहे माझ्या!" श्रीरंगने जाहीर केलं, आणि लॉनच्या मातीला भोकं पाडायला भाड्याने आणलेलं एरेटर यंत्र गाडीतून उतरवताना स्वतःच्याच पायावर घेतलं.

ती चाळीस एकर कुळकायद्यात गेली, तेव्हा जमीन नेमकी कुठे आहे हे आजोबांनाही ठाऊक नव्हतं. एरवी उत्तराने हे लगेच ऐकवलं असतं, पण हल्ली ती बोलतच नसे फारशी. सातासमुद्रापलीकडच्या ट्रॉय गावातला एप्रिल. आभाळ पिळून ठेवलेल्या पोतेऱ्यासारखं, रस्त्याकडेला काळपट बर्फाचे शेवटचे ढीग, आणि कडेवर दात येऊ घातलेली किरकिरी रमा.

"मागच्या पायरीजवळ चालवू नका हं," एवढंच ती म्हणाली. "तिथे आईचा लसूण आहे."

बाळंतपणाला वाईहून आलेल्या आईने परत जाण्याआधी उलथन्याने लॉन उचकटून तो लावला होता. "एवढी जागा नि नुसतं गवत! गाय तरी बांधा, जावईबापू!" मग उत्तराला हळूच म्हणाली होती, "बर्फाखाली निजेल, उन्हं आली की उठेल. लेकुरवाळीच्या पोटात लसूण जायला हवा गं."

आई परत गेली आणि जानेवारीत एकाएकी गेलीच. तार आली तेव्हा रमा तापाने फणफणलेली, विमानं बर्फाने अडलेली. उत्तराला जाता आलं नाही. आता ते हिरवे कोंब वर आले होते. रोज सकाळी ती आधी ते बघायची, मग चहा टाकायची.

"पण एवढ्या गवतात लसूण ओळखायचा कसा?" श्रीरंगने विचारलं.

"चाळीस एकरवाल्यांना कळत नाही?"

कितीतरी दिवसांनी तिने असा टोमणा मारला होता. श्रीरंगला बरंच वाटलं.

तिने रांगोळीचा डबा आणला, कोंबांभोवती ठसठशीत चौकोन काढला. सवयीने कोपऱ्यात दोन गोपद्मंही उमटली. "या रेषेच्या आत यायचं नाही!" तिने बजावलं आणि रमाला दूध पाजायला आत गेली.

यंत्र सुरू झालं. म्हणजे, श्रीरंग सुरू झाला! पोकळ नळ्यांनी जमिनीला भोकं पाडत, मातीच्या गुंडाळ्या वाळत घातलेल्या सांडग्यांसारख्या मागे टाकत ते धूड उधळल्या बैलासारखं धावत सुटलं आणि श्रीरंग शेपटासारखा मागे लोंबकळत राहिला. शेजारच्या हॅरल्डची टपालपेटी आडवी होणार, इतक्यात हॅरल्ड स्वतःच धावत आला.

हॅरल्ड रिटायर्ड. त्याचं लॉन म्हणजे इस्त्री केलेला शालू! पडलेलं पान तो हाताने उचलायचा.

"सोड, श्री! लेट गो! मी करतो!"

श्रीरंग सोललेल्या तळहातांना हळद लावायला आत गेला. बाहेर आला तेव्हा हॅरल्ड घाम पुसत होता.

"ऑल डन! पायरीजवळ तू चुना टाकला होतास ना? ती जागा चारदा घेतली. मस्त मुरवलाय! आता माझ्या लॉनवरून एक फेरी मारून आणतो."

इकडे वसंतात लॉनला चुना घालतात. रांगोळी कोण घालतं?

उत्तरा दारात आली. चौकोन नव्हता, गोपद्मं नव्हती, कोंब नव्हते. नुसता चिखल. ती तिथेच पायरीवर बसली. श्रीरंग पिवळ्या हातांनी एकेक सांडगा फोडून बघू लागला. "हा बघ... नाही, गवताचं मूळ आहे. हा... हा दगड."

"राहू द्या," ती म्हणाली. "याही वेळी मी आतच राहिले."

चाळीस एकरवाल्याने पुढचा सांडगा उचलला. तो फोडतच राहिला.

मे महिन्यात एका सकाळी हॅरल्डने बेल वाजवली. चेहरा कसनुसा, हातात तणनाशकाचा पंप. "माझ्या लॉनच्या मधोमध कसलं तरी वीड उगवलंय. तुमच्याकडे पण आलंय का?"

उत्तरा रमाला घेऊन अनवाणीच धावली. शालूच्या ऐन मध्यावर हिरवेगार, उर्मट कोंब! यंत्राच्या नळ्यांत बसून आई शेजारी राहायला गेली होती.

"नो! नो स्प्रे!" ती गुडघ्यांवर बसली. "दॅट इज... दॅट इज माय मदर..."

पुढचं 'गार्लिक' हुंदक्यात राहून गेलं.

हॅरल्डने तिच्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. हळूच डोक्यावरची टोपी काढली. "आय अॅम सो सॉरी, हनी. म्हणजे पायरीजवळचा तो चुना नव्हता, राख होती! मला कुणी सांगितलंच नाही!" तो गॅरेजमध्ये गेला, चुन्याची पिशवी घेऊन आला आणि कोंबांभोवती रेखीव चौकोन काढला. तेव्हापासून लॉन कापताना तो तिथे वळसा घालतो. रविवारी चर्चहून आला की टोपी काढून क्षणभर उभाही राहतो.

पाती चांगली टरारली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता ती दिसतात.

"सांगून टाकू का त्याला खरं?" आमटीसाठी नुसतीच मोहरी तडतडताना बघून श्रीरंगने एकदा विचारलं. "निदान फोडणीपुरता तरी..."

"दुकानातला आणा," उत्तरा म्हणाली. जानेवारीनंतर पहिल्यांदाच तिला हसू आवरत नव्हतं, आणि डोळ्यांतलं पाणीही. "हॅरल्डच्या देखत आईला फोडणीत घालू?"