क्लिक झालं की थांबायचं

गाडीचा एसी दुरुस्त करणारे पायलीचे पन्नास मिळतात. पण मी बसवलेला जोड गळला, असं सांगणारा एक माणूस दाखवा! नाही सापडणार. हे मी गर्वाने सांगत नाही. म्हणजे गर्वानेच सांगतो, पण त्या दिवशी सकाळपर्यंत ते खरंही होतं.

त्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, आज बाबांना गॅरेजमध्ये घेऊन जा."

बाबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर प्लंबर. आता निवृत्त झालेत, पण हात निवृत्त झालेले नाहीत. आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी दिसेल ते आवळायला घेतलं होतं. घरातली एकही बरणी उघडत नव्हती. आदल्या दिवशी आम्ही बिनसाखरेचा चहा प्यायलो, तो काही तब्येतीसाठी नव्हे!

बाबांचं आणखी एक वैशिष्ट्य सांगतो. ते कौतुक करत नाहीत. त्यांची मुलगी मी पसंत केली तेव्हा "ठीक". घर बांधलं तेव्हा "खिडक्या बऱ्या आहेत". त्यामुळे मनात आलं, बरंच झालं, आज माझं काम डोळ्यांनी बघू दे. एकदा, फक्त एकदा, या माणसाच्या तोंडून "वा" निघालं की मी सुटलो. हसू नका. ज्यांना सासरे आहेत त्यांना हे कळेल.

गॅरेज उघडतोय तोच केकवाली ताई गाडी घेऊन हजर. बाई अंगाने भरभक्कम आणि बोलायला तोफखाना.

"दादा, एसीतून गरम वाफ येतेय! आणि चार वाजता मुख्याध्यापिका बाईंच्या निरोपाचा केक पोचवायचाय. तीन मजली. सगळा क्रीमचा. इतकी मोठी ऑर्डर मला पहिल्यांदा मिळालीय हो! एसी नसला तर वाटेतच तीन मजल्यांचा बैठा बंगला होईल!"

मी बॉनेट उघडलं. एसीची रबरी नळी चिरली होती. गॅस केव्हाच उडून गेला होता.

"तीन वाजता या," मी म्हणालो. "गाडीत शाल घेऊन बसावं लागेल!"

ताई गेल्या. मी बाही वर सारली आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात कामाला सुरुवात केली. नव्या नळीच्या तोंडावरची टोपणं शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत, धूळ आणि दमट हवा आत जाते. दोन्ही टोकांना नवीन ओ-रिंग, म्हणजे ती बारीक हिरवी रबरी कडी. तिला कॉम्प्रेसरच्याच तेलाचं बोट लावायचं. मग दोन पाने, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, म्हणजे नळीला पीळ पडत नाही. आणि शेवटी टॉर्कचा पाना. ठरलेला जोर लागला की तो "क्लिक" करतो. क्लिक झालं की थांबायचं!

क्लिक झालं. मी थांबलो.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"हं," बाबा म्हणाले. तो "हं" मला बायकोच्या माहेरी चांगलाच परिचयाचा झाला आहे.

इतक्यात बायकोचा फोन आला. डाळीचा डबा उघडत नव्हता. मी बाहेर जाऊन तिला गरम पाण्याचा उपाय सांगितला, तिने मला तिच्या मनगटाची अवस्था सांगितली. परत आलो तेव्हा बाबा हात पुसत शांतपणे स्टुलावर बसले होते.

गळती तपासायला मी नळीत नायट्रोजन भरून दाब दिला. गेजचा काटा वर गेला. मी बाबांकडे ऐटीत पाहिलं.

"काटा खाली येतोय," बाबा म्हणाले.

खरंच येत होता! साबणाचा फेस लावून पाहिला, तर दोन्ही जोडांवर बुडबुडे. पोरांच्या खेळात निघतात तसले, टपोरे, आनंदी बुडबुडे. माझ्या जोडावर! मला घाम फुटला.

"होतं असं कधीकधी," बाबा समजुतीने म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

आता माझा हात चुकणं शक्यच नाही, म्हणजे माल चुकला! मी सुटे भाग विकणाऱ्या मित्राला फोन लावला. त्याला सगळे बोल्ट म्हणतात. माणूस सडपातळ आणि डोकं मोठं.

"बोल्ट, नळी भिकार दिलीस!"

"माझी नळी? भिकार? थांब, येतोच!"

बोल्ट दुसरी नळी घेऊन आला तो तणतणतच. तोवर पहिली नळी बाबांनीच मदत म्हणून सोडून ठेवली होती. मी त्याच्यासमोर टोपणं काढली, तेल लावलं, दोन पाने, क्लिक, क्लिक. बोल्टला चूक काढायला जागाच ठेवली नाही. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. केकवाली ताई, भावाच्या बिनएसीच्या गाडीतून, मांडीवर भलामोठा खोका! तीन वाजायला अजून वेळ होता.

"दादा, घरी थांबवेना! झालं का?"

"झाल्यातच जमा!" मी बाहेर धावलो. बोल्टही आला, कारण खोक्यातून सुगंध येत होता. आम्ही दोघांनी खोका सावलीत ठेवला, ताईंना पाणी दिलं, केकवरच्या गुलाबांचं कौतुक केलं. आत आलो, दाब दिला.

काटा निघाला खाली!

"माझी नळी?" बोल्टने भुवया उंचावल्या. "का तुझा हात?"

ताई दारात उभ्या राहून एकदा गेजकडे, एकदा खोक्याकडे बघायला लागल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "दादा, वरचा गुलाब कलायला लागलाय हो."

मी मटकन खाली बसलो. हात गेला, म्हटलं. धंदा बंद करावा आणि बरण्या उघडायचं दुकान काढावं. तेवढ्यात बोल्ट बॉनेटमध्ये वाकला आणि त्याने नटाखालून काहीतरी चिमटीत धरून ओढलं. ते येतच राहिलं. पांढरी, पातळ, वीतभर पट्टी.

"ही तर नळाची टेप! इथे एसी बसवलाय की न्हाणीघर?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं.

"मीच लावली," बाबा म्हणाले. जराही न चाचरता! "दोन्ही वेळा. तुम्ही फार सैल सोडलं होतं जावईबापू. वर त्या रबराला तेल फासलं होतं. तेलाने रबर कुजतं, ते पुसून काढलं. टेप गुंडाळली आणि पान्याला पाईप लावून दोन आटे जास्तच दिले. म्हटलं, चारचौघांत बोलून दाखवायला नको, जावयाची अब्रू जाईल. गुपचूप करून टाकू."

आता सांगा, या माणसावर रागवायचं कसं? माझी अब्रू वाचवण्यासाठीच त्यांनी माझी अब्रू काढली होती! मला राग आला आणि हसूही आलं.

मी नट सोडला. कोरडी ओ-रिंग चिरडून तिचे दोन तुकडे झाले होते. ते मी बाबांच्या तळहातावर ठेवले.

"बाबा, तुमच्या नळाला आटे पाणी अडवतात, म्हणून टेप लागते. इथे आटे फक्त धरून ठेवतात. गॅस अडवते ती ही कडी. कोरडी असली की पीळ बसतो, जास्त आवळली की मरते. तेलही हिच्यासाठीच बनवलेलं आहे. आता तुम्ही लावा."

सासऱ्यांना शिकवायचं म्हणजे धाडसच. पण बाबांनी चष्मा चढवला आणि करंगळीने तेल लावलं. बोल्टने तणतण सोडून पिशवीतून आणखी एक नळी बाहेर काढली, कारण आधीच्या नळीचं तोंड बाबांच्या जोराने वाकडं झालं होतं. दोन पाने लागले. टॉर्कचा पाना मी बाबांच्याच हातात दिला.

क्लिक.

आणखी एक आटा देण्याची इच्छा त्यांच्या दंडातून मनगटापर्यंत उतरताना मला स्पष्ट दिसली.

"थांबायचं, बाबा."

"जरासं?"

"जरासंही नाही!"

बाबांनी डोळे मिटून पाना सोडला. आम्ही दाब दिला. चौघेही गेजकडे बघत उभे राहिलो. काटा हलला नाही. फेस लावला, एक बुडबुडा नाही! मग पंपाने आतली हवा ओढून घेतली, गॅस भरला, आणि जाळीतून असा गार झोत आला की ताईंनी पदर अंगाभोवती लपेटून घेतला. केक वेळेत निघाला. मुख्याध्यापिका बाईंनी तिन्ही मजले उभे असताना कापले, असा ताईंचा फोनही आला.

मी आशेने बाबांकडे पाहिलं. आता तरी?

"हं," बाबा म्हणाले.

जाऊ दे. प्रत्येकाच्या नशिबात "वा" नसतं. मी गॅरेज आवरायला घेतलं आणि बाबांना रिक्षाने पुढे पाठवलं, कारण बायकोला स्वयंपाकघरात नवा नळ बसवून हवा होता.

घरी पोचलो तो दारातूनच पाणी बाहेर येत होतं. आत बायको ओली चिंब, ओट्यावरच्या भिंतीतून कारंजं, आणि नवाकोरा नळ जमिनीवर पडलेला!

"बाबा, तुमच्या हातचा नळ?" बायको ओरडत होती. "तुमच्या? टेप कुठेय? आवळला का नाहीत?"

बाबा घोटाभर पाण्यात ताठ उभे होते.

"टेपबिप जुनी पद्धत झाली! तेलाचं बोट लावायचं, हलक्या हाताने फिरवायचं आणि थांबायचं. तुझ्या नवऱ्याने शिकवलं मला. काय हात आहे त्याचा! वा! असा कारागीर मी जन्मात पाहिला नाही!"

बायकोने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी मुख्य कॉक बंद करायला धावलो. बाबा अजून बोलतच होते, म्हणून जरा हळूच धावलो.