बिनमिठाची सहल

सुनेने पुढ्यात वाटी ठेवली, तेव्हा दत्तोबांनी आधी वाटीकडे पाहिले, मग सुनेकडे आणि शेवटी दाराकडे. वाटीत पांढरे, गोल, फुगीर असे काहीतरी होते.

"अनिता, ह्ये काय हाय?"

"मखाणे आहेत, आबा. कोरडे भाजलेत. अगदी शेवेसारखे कुरकुरीत लागतात."

"शेवेसारखंच लागतंय, तर मग शेवच का देत न्हाईस?"

अनिता वालचंदनगरच्या कंपनीच्या वसाहतीत वाढलेली, शास्त्र शाखेची पदवीधर. असल्या प्रश्नांना ती उत्तरे देत नसे, नुसते हसत असे. दोन महिन्यांपूर्वी बारामतीच्या डॉक्टरांनी दत्तोबांचा रक्तदाब मोजून "शेव-फरसाण जरा कमी करा" असे सांगितले आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले. अनिताने मात्र ते वाक्य व्रतासारखे धरले. फडताळातला शेवेचा डबा शेजारच्यांकडे गेला. त्या जागी ज्वारीच्या लाह्या, बिनमिठाचे फुटाणे, भोपळ्याच्या बिया आणि एअर फ्रायरमध्ये वाळवलेल्या कारल्याच्या चकत्या आल्या. दत्तोबांनी तीन महिने शेवेला शिवणार नाही अशी शपथ घेतली, आणि लोणी भापकरमध्ये दत्तोबांची शपथ म्हणजे शपथ, असे निदान दत्तोबांचे मत होते.

त्यातच गावच्या दूध संस्थेची निवडणूक झाली. अकरा संचालकांत दत्तोबांसकट त्यांचे सहा आले, विरोधी पार्टीच्या विजयसिंहांसकट त्यांचे पाच. या अकरांनी आपल्यातला अध्यक्ष निवडायचा होता तीन दिवसांनी. दत्तोबांना हे पद हवे होते, आणि ते हवे असल्याचे त्यांनी कधी लपवलेही नव्हते. संस्थेचे ते पंधरा वर्षे साधे संचालक होते. एकदा तरी अध्यक्षाच्या त्या उंच पाठीच्या खुर्चीत बसायचे, एवढी एकच इच्छा आता राहिली होती.

सहकारात एक पक्की रीत आहे. मतदान होईपर्यंत आपली माणसे गावात ठेवायची नाहीत. गावात ठेवली की समोरचा चहाला बोलावतो, आणि चहाला गेलेला माणूस परत येईलच असे नाही. म्हणून त्यांना सहलीला न्यायचे. श्रीमंत संस्थावाले थंड हवेच्या ठिकाणी जातात. दत्तोबांनी आपले पाच जण जीपमध्ये घातले आणि नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या संगमावरच्या भक्तनिवासात नेले. देवदर्शनही होईल आणि माणसेही राखली जातील. बाकीचे पुढारी अशा वेळी मोबाईल काढून घेतात. दत्तोबांनी तेवढे केले नाही.

"आपला आपल्या माणसांवर इस्वास हाय," ते म्हणाले.

निघताना अनिताने जीपमध्ये दोन मोठ्या पिशव्या ठेवल्या. "आबा, सगळ्यांना पुरेल एवढं दिलंय. तिथं बाहेरचं काही घ्यायचं नाही."

पहिल्या संध्याकाळी पाचही संचालक सतरंजीवर गोल करून बसले. सहल म्हटली की मधोमध वर्तमानपत्र पसरायचे, त्यावर भत्त्याचा, म्हणजे शेव-चुरमुऱ्यांचा ढीग, बाजूला कांदा, हिरव्या मिरच्या आणि शेंगदाणे. वर्तमानपत्र पसरले गेले. दत्तोबांनी त्यावर लाह्या ओतल्या. मग फुटाणे. मग कारल्याच्या चकत्या.

म्हस्कूने ढीग बोटाने उकरून पाहिला. तो दत्तोबांचा शाळेपासूनचा सोबती, त्यामुळे त्याला अरे-तुरेचा अधिकार होता. "दत्तोबा, शेव खाली दडवलीय व्हय?"

"शेव न्हाय. माझ्या पंगतीला बसणाऱ्यानं माझंच खायाचं. मी शपथ घेतलीय, तुमीबी दोन दिस घ्या. तेल-मिठानं रगात घट्ट व्हतंय, ठावं हाय का?"

"आबा, निदान मीठ तरी?" नागेश म्हणाला. संचालकांत तो सगळ्यात तरुण होता.

"मीठ तर अजिबात न्हाय!"

दत्तोबा मग तासभर मिठावर बोलले. डॉक्टर जेवढे बोलले होते त्याच्या वीसपट बोलले. संचालकांनी माना डोलावत फुटाणे चावले. अध्यक्ष होणाऱ्या माणसाचे ऐकून घ्यावे लागते, हेही त्या रीतीतच बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खोलीपुढे एक गाडी थांबली आणि तिच्यातून विजयसिंह आपल्या चार संचालकांसह उतरले. ते खरे महाबळेश्वरला निघाले होते. पण त्यांच्यातल्या एकाला घाट लागतो, हे त्यांना घाट लागल्यावर कळले. ओकाऱ्या काढत गाडी मागे वळली आणि सपाटीवरचे, देवाचे, स्वस्त असे ठिकाण शोधत नेमकी इथेच आली. दोन्ही पार्ट्यांमध्ये आता एक भिंत तेवढी होती, आणि तीही चार इंची.

दुपारी चारच्या सुमारास भिंतीपलीकडे डबा उघडल्याचा आवाज आला. त्यापाठोपाठ कांदा चिरल्याचा वास आला. मग पाच जबड्यांचा कुर्रम कुर्रम असा आवाज सुरू झाला. दत्तोबांच्या खोलीत पाच जण हातातल्या लाह्या हातातच ठेवून भिंतीकडे बघत बसले.

"लाल शेव हाय," म्हस्कू डोळे मिटून म्हणाला. "आन् पापडी. लिंबू बी पिळलंय."

दत्तोबा ताडकन उठले. "ह्यो आपल्या माणसांना फोडायचा डाव हाय! थांबा, मी जाऊन सांगतो त्यांना, आवाज कमी करा म्हणून."

ते खरोखरच तेवढ्यासाठी गेले होते. उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी घसाही खाकरला. पण विजयसिंह लगबगीने उठून पुढे आले.

"अवो आबा, या की! भाईर का उभं ऱ्हायलात?"

"बसाया न्हाय आलो. तुमचा आवाज लई येतोय."

"मग तर बसाच. राजकारण गावात. हितं देवाच्या दारात आलाय, तोंडात घास न घालता गेलात तर आमाला काय वाटंल?"

पुढे केलेले ताट परत लोटणे दत्तोबांच्या घराण्यात कुणाला जमले नव्हते. समोरच्याचा मान राखण्यापुरती त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत शेव घेतली. दोन महिन्यांनी जिभेला मीठ लागले आणि दत्तोबांचे डोळे भरून आले. शेव हा काय पदार्थ आहे, हे त्या क्षणी त्यांना जेवढे कळले तेवढे उभ्या जन्मात कळले नव्हते. दुसऱ्या वेळी चिमटीची मूठ झाली. तिसऱ्या वेळी विजयसिंहांनी ताटच सरकवून मधोमध घेतले आणि दोघे मांडीला मांडी लावून बसले. विजयसिंह मिरची मोडून देत होते, दत्तोबा कांदा सरकवत होते. संस्थेच्या पंधरा वर्षांच्या राजकारणात दोघांचे एवढे कशावरच जमले नव्हते. कुणीतरी कौतुकाने फोटो काढला. दत्तोबा तेव्हा ताटातला चुरा गोळा करत होते, त्यामुळे त्यांनी वर पाहिले नाही.

ते आपल्या खोलीत परतले तेव्हा पाचही जण दाराकडे तोंड करून बसलेले होते.

"सांगून आलो," दत्तोबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "लई तेलकट खात्यात लेकाचे. आपलं ह्येच बरं. घ्या, चकत्या घ्या."

"दत्तोबा," म्हस्कू म्हणाला, "मिशीत काय अडकलंय?"

"लाही असंल."

"लाह्या तांबड्या कवापास्नं व्हायला लागल्या?"

नागेशने मोबाईल पुढे केला. संस्थेच्या ग्रुपवर फोटो आला होता. त्यात दत्तोबांचा एक गाल फुगलेला होता, हात ताटात होता आणि विजयसिंहांचा हात त्यांच्या खांद्यावर. खाली लिहिले होते, 'नरसिंहपुरी एकोपा'.

"आरं, त्यो मान राखाया म्हणून एक घास..."

"मान!" म्हस्कूचा आवाज चढला. "तुझ्यापायी दोन दिस घोड्यावानी फुटाणं चावलं आमी! दाढ दुखाया लागली माझी. आन् तू तितं शेव हाणतोयस? तुला त्यांच्याकडं जायाचं तर जा. आमाला शेव का घातली न्हाईस, एवढंच सांग!"

दत्तोबांनी मिशीतली शेव काढून मुठीत लपवली. तेव्हा नागेशच म्हणाला, "जाऊ द्या, आबा. व्हतंय असं. आमी काय तुमाला सोडणार हाय का?" बाकीच्यांनीही माना हलवल्या आणि दत्तोबांचा जीव भांड्यात पडला. मग एकेक जण नदीवर हातपाय धुवायला म्हणून बाहेर गेला. प्रत्येकाने जाताना मोबाईल नेला, हे दत्तोबांनी पाहिले, पण विश्वास म्हणजे विश्वास.

तिसऱ्या दिवशी सगळे गावी परतले आणि अकरा वाजता संस्थेच्या कार्यालयात गुप्त मतदान झाले. निवडणूक अधिकाऱ्याने एकेक चिठ्ठी उघडून वाचली, पुन्हा एकदा मोजल्या, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजल्या आणि निकाल वाचला. विजयसिंहांना नऊ. दत्तोबांना दोन.

दत्तोबांना धक्का बसला तो सातव्या चिठ्ठीलाच, पण अकराव्या चिठ्ठीनंतर त्यांना त्या दोनाच्या आकड्याने वेगळेच छळले. एक मत त्यांचे स्वतःचे. मग दुसरे कुणाचे? कुणीतरी एक अजूनही आपला होता.

त्याचा उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. नळापाशी नागेशने गाठून कानात सांगितले, "आबा, ते एक मत माझं बरं का." जिन्यात दुसऱ्याने हात दाबला, "वळखलं आसंल तुमी." चपला घालताना तिसऱ्याने तेच सांगितले, चौथ्याने तर सांगताना डोळे पुसले. शेवटी म्हस्कू आला. "रागावलो हुतो खरा. पर लहानपणापास्नंची दोस्ती हाय. मत तुलाच टाकलं."

दत्तोबांनी पाचही जणांचे आभार मानले. एका मताचे पाच धनी झाल्यावर हिशोबाला बसण्यात अर्थ नव्हता. ते फाटकाशी आले, तर गुलालाने माखलेले विजयसिंह मागून धावत आले.

"आबा, राग धरू नका. अन् एक सांगू? ते दुसरं मत माझं हुतं."

"तुमचं?"

"तुमच्या पाचीजणांनी काल सांजच्यालाच फोन केलेलं. नऊ पक्की हुती. म्हणलं, आपलं एक आबांना द्यावं. एका ताटात खाल्लंय आपण."

पद गेल्याचे दुःख दत्तोबांना होतेच. तरी त्यांनी विजयसिंहांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते घराकडे चालू लागले.

ओसरीवर अनिता उभी होती. निकाल तिला आधीच कळला होता. दत्तोबा खाटेवर बसले आणि जड आवाजात म्हणाले, "माणसं फुटली, पोरी. पैसा वाटला आसंल त्यांनी. दोनच मतं पडली."

"एक तुमचं. दुसरं कुणाचं हो, आबा?"

"आसंल कुणीतरी. माणुसकी हाय म्हणायची अजून."

अनिताने मोबाईल त्यांच्यासमोर धरला. फोटो तिच्या माहेरून, वालचंदनगरहून फिरत आला होता. तिने तो दोन बोटांनी मोठा केला, रिकामे ताट नीट न्याहाळले आणि सासऱ्यांकडे पाहिले.

"म्हणजे आबा, एवढी सगळी शेव खाल्लीत, अन् मत एकच?"