तुंबलेल्या रस्त्याचे अण्णा

रस्ता मोकळा दिसला की बसप्पाअण्णांचं तोंड उतरतं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चौकात ट्रॅक्टर आडवा झाला, मागे एसटी खोळंबली, रिक्षावाल्यांची जुंपली, की अण्णा आपल्या भांड्यांच्या दुकानातून बाहेर येतात आणि कौतुकानं बघत उभे राहतात. "आता कसं गाव वाटायलंय," म्हणतात.

त्यांचा विचार सरळ होता. उदगीर जिल्हा व्हावा ही आमची मागणी जुनीच. जिल्हा झाला की कचेऱ्या येतील, कचेऱ्या आल्या की नोकऱ्या येतील आणि पुण्याला गेलेला त्यांचा एकुलता एक महादेव परत येईल. "पण मोकळ्या रस्त्याच्या गावाला जिल्हा कोण देतंय, सायेब?" हे सायेब म्हणजे मी. नगरपालिकेत अभियंता, शिवाय त्यांचा शेजारी.

त्या उन्हाळ्यात दुष्काळ असा, की नळ नुसते शोभेला उरले होते. बाजाराला येणारी खेड्यातली निम्मी माणसं पोट भरायला बाहेर पडली होती. रस्त्यांवरच्या गर्दीची सरकारी पाहणी नेमकी तेव्हाच निघाली. त्यासाठी रस्त्यावर कुणी उभं राहायचं नव्हतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या खिशातले मोबाइल कुठे पळतात आणि कुठे थांबतात, ही माहिती आपोआप गोळा व्हायची आणि माझ्या संगणकावर मोकळा रस्ता हिरवा, तुंबलेला लाल दिसायचा. हे मी अण्णांना हौसेनं दाखवून बसलो. पडद्यावरचं हिरवंगार उदगीर बघून अण्णा म्हणाले, "मेलो की."

चार दिवसांनी भर दुपारी पडद्यावर अण्णांचा चौक लालभडक झाला. कुत्रंही फिरकत नाही अशी ती वेळ. अपघात झाला असणार म्हणून धावत गेलो आणि बघतच राहिलो. रस्ता जिथे सगळ्यात अरुंद, तिथे अण्णांनी पाणपोई घातली होती. विकतचा टँकर, ओळीनं रांजण, पाण्यात वाळासुद्धा. जीपा, टमटम, मोटारसायकली जागच्या जागी उभ्या. पाणी पिऊन झालेल्याला अण्णा सोडत नव्हते. "आजून एक गिलास घ्या. घाई काय हाय? मोबाइल चालू हाय न्हवं?"

लोक घरच्या टाकीला कुलूप घालत होते आणि हा माणूस पाणी रस्त्यावर वाटत होता, तेही ट्रॅफिकसाठी. एक म्हातारी तर त्यांच्या पाया पडली. अण्णा वैतागले. "पुण्य-बिण्य काय न्हाई, माय. जरा उभी ऱ्हा फक्त."

महिन्याभरानं पाहणीचा अहवाल आला. चौकातल्या कोंडीचं कारण पाणपोई, ती तिथून हलवावी, एवढंच. गाव मोठं आहे की लहान, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. आणि हे अण्णांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मला फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी दुकानात जाऊन सांगितलं. अण्णांनी हातातलं पातेलं पुसून फळीवर ठेवलं. मग म्हणाले, "तुमच्या मोबाइलवर पुणं दिसतंय का?"

महादेवच्या कंपनीचा भाग विचारून मी काढून दिला. सगळा लाल. अण्णांचा चेहरा खुलला आणि त्यांनी घाईघाईनं आपला फोन हातात घेतला.

"अण्णा, कामात असेल तो."

"कामात कशाचा. कंपनीच्या बसमदी अडकलाय. अडकला की उचलतंय पोरगं. घरी पोचल्यावर त्याला कुठला येळ?"

मला धक्काच बसला. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला ठाऊक नव्हतं.

महादेवनं खरंच फोन उचलला. अण्णांनी पाणपोईचा विषयही काढला नाही. जेवणाचं विचारलं, खोकल्याचं विचारलं, भाडेकरूच्या म्हशीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. नोकरीभर रस्ते मोकळे करत आलेला मी, मोबाइलवरची ती लाल रेघ हिरवी होऊ नये म्हणून मनात विनवण्या करत होतो. ती आधी पिवळी झाली, मग हिरवी.

"बरं, ठेव मग," अण्णा म्हणाले. फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो थोडा वेळ कानालाच धरला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सुटलं पोरगं. बरं झालं, दमलं आसंल."