सूरमधला एक तास

"यंदा वाढदिवसाला काय हवंय?" असं निशांतनं विचारलं, तेव्हा किशोरी पलंगाखाली हात घालून साईचा दुसरा मोजा शोधत होती. त्यामुळे विचार न करता तिच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

"एक तास."

"कसला तास?"

"समुद्रासमोर बसायचंय. एकटीनं. कुणी 'आई' म्हणायचं नाही, कुणी 'किशू, टॉवेल कुठेय' म्हणायचं नाही. नुसतं बसायचं."

निशांत नेकलेसच्या तयारीत होता. तो जरा गडबडला; पण इंजिनियर माणूस, काम सोपवलं की पार पाडणारा. त्यानं ओमानच्या किनाऱ्यावरच्या सूरला दोन दिवसांसाठी एक छोटं घर भाड्यानं घेतलं आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद केली : 'शुक्रवार, दुपारी साडेचार ते साडेपाच. किशोरी, समुद्र.' साई झाल्यापासून चार वर्षांत किशोरीच्या नावानं कॅलेंडरमध्ये लसीकरणाशिवाय पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं. ती नोंद तिनं तीन वेळा उघडून पाहिली.

शुक्रवारी सकाळी ते बौशरच्या आपल्या घरून निघाले. वाटेत साईनं एकदा उलटी केली, दोनदा 'आर वी देअर?' विचारलं आणि अकराच्या सुमाराला खाडीवरचा पूल ओलांडून ते सूरच्या अल-अय्जा भागातल्या पांढऱ्या, बुटक्या घरांमध्ये शिरले. घराची किल्ली घेऊन उत्तम दारातच उभा होता. हा मूळचा वेंगुर्ल्याचा. चौदा वर्षं सूरमध्ये दोन-तीन घरांची देखभाल करत होता.

"इलास? येवा, येवा! ह्या सैपाकघर, ह्यो गॅस. आनि वैनी, ह्या खिडकेतसून बगा."

किशोरीनं पाहिलं. दोनशे पावलांवर समुद्र होता. काठाला गुडघाभर उंचीची सिमेंटची भिंत, पलीकडे दीपगृह, डिसेंबरचं मऊ ऊन. भिंतीवर कुणीही नव्हतं. तिथली आपली जागा तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकली.

तेवढ्यात दार वाजलं. दारात शेजारची बाई उभी होती. साठीची, काळ्या पायघोळ अबायावर केशरी फुलांची ओढणी, हातात निळ्या नक्षीची प्लेट.

"वेलकम. मैं नसीबा. बाजू का घर. तुम मेहमान. खाओ." एवढं बोलून प्लेट हातात देऊन ती गेलीसुद्धा.

प्लेटमध्ये खजूर होते आणि तुपानं चकाकणारा ओमानी हलवा. दहा मिनिटांत तिघांनी तो संपवला. किशोरीनं प्लेट घासली, पुसली.

"आण, देऊन येतो," निशांत म्हणाला.

किशोरीनं प्लेट छातीशी धरली. "रिकामी?"

"मग? धुतलीयस ना?"

"अरे, शेजाऱ्यांचं भांडं कधी रिकामं परत करतात का?"

नाशिकच्या ज्या कॉलनीत ती वाढली, तिथे एकेक वाटी वर्षानुवर्षं घराघरांतून फिरायची. कधी चटणी, कधी खीर, काहीच नसेल तर चमचाभर साखर. मूळ वाटी कुणाची, हे शेवटी कुणालाच सांगता यायचं नाही.

"मग चमचाभर साखर घाल आणि दे," निशांत म्हणाला.

"इतक्या हलव्यावर साखर? काय म्हणेल ती!"

साईसाठी केलेले रव्याचे लाडू डब्यात होते. सहा लाडू प्लेटमध्ये रचून निशांत देऊन आला. भांडं घरी गेलं, मान राहिला. साडेचारला अजून चार तास होते.

दीड वाजता दार वाजलं. तीच निळी प्लेट, वर सुरमईचा भात, त्यावर तळलेला कांदा, बाजूला लिंबू.

"लड्डू बहोत अच्छा," नसीबा म्हणाली आणि गेली.

"सो यम्मी!" साई म्हणाला. घरी 'नो फिश' म्हणून रडणाऱ्या पोरानं दोन वेळा भात मागून घेतला. किशोरीला कौतुक वाटलं आणि लगेच चिंताही. सुरमईच्या उत्तराला लाडू पुरणार नव्हते. उरलेच दोन होते.

"पुऱ्या करते," ती म्हणाली. "तिखटमिठाच्या. पटकन होतात."

"आपण सुट्टीवर आलोय, किशू."

"म्हणूनच पुऱ्या. नाहीतर पुरणपोळ्या केल्या असत्या."

कणीक तिनं बरोबर आणलीच होती. चार वाजता शेवटची पुरी तेलातून निघाली, साई झोपला होता, सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. सव्वाचारला निशांत प्लेट घेऊन निघाला. "पाच मिनिटांत येतो. मग तू सुट."

किशोरीनं केस विंचरले. साडेचार झाले. झोपलेल्या पोराला टाकून जाता येईना. पावणेपाच झाले. खिडकीतून ती भिंत दिसत होती. पाच झाले. भिंतीवर एक मांजर येऊन बसलं. अगदी किशोरीच्या जागेवर, एकटं, आरामात. सव्वापाचला सूर्य घरांमागे गेला. मांजरही कंटाळून निघून गेलं.

पावणेसहाला निशांत परतला. डोळे टक्क उघडे, आणि दोन्ही हातांवर एक भलीमोठी स्टीलची परात.

"कुठे होतास?"

"कॉफी," तो म्हणाला. "तिच्या नवऱ्यानं, कासमभाईंनी बसवलं. एवढासा कप असतो. मी संपवला, त्यांनी भरला. संपवला, भरला. मी 'थँक यू, बस, खलास' सगळं म्हणून पाहिलं. अकरा कप, किशू! माझे कान वाजतायत."

बाहेर पाइप गुंडाळत असलेला उत्तम हे ऐकून हसत सुटला. "अहो सायबानू, कप असो हालवूचो लागता, डावी-उजवी. नुसतो पुढे धरलास तर तेंका वाटता अजून व्हयो. ते ओततच रवतले!"

"आधी सांगायचं ना!"

"तुमी खय विचारलास?"

किशोरीचं मात्र लक्ष परातीकडे होतं. कागदासारख्या पातळ कुरकुरीत पोळ्यांची चळत, मधाची वाटी, अर्धी कोंबडी. निळी प्लेट या परातीत दिसेनाशी झाली असती. आता ही परात भरायची होती.

"उद्या सकाळी सहा ते सात," निशांतनं कॅलेंडरमधली नोंद पुढे सरकवली. "साईला मी बघतो. सूर्योदय बघ मस्त."

"हो, पण शिरा करून जाते. वीस मिनिटांचं काम. उत्तमभाऊ, दोन किलो रवा मिळेल का इथे?"

"दोन किलो?" निशांतनं विचारलं.

"परात बघितलीस का तू?"

परात भरेल एवढा शिरा वीस मिनिटांत होत नाही, हे किशोरीला शनिवारी सकाळी सहा वाजता कळलं. घरातली सर्वांत मोठी कढई लहान पडली. शिरा चार घाण्यांत करावा लागला. एका हातानं रवा परतत, दुसऱ्या हातानं 'आई, आय वाँट टू स्टर' म्हणणाऱ्या साईला मागे सारत ती खिडकीबाहेर पाहत होती. पाणी आधी राखाडी झालं, मग गुलाबी, मग सोनेरी. असला सूर्योदय तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. आताही अर्धाच पाहिला, कारण ऐन सोनेरीच्या वेळी रवा खाली लागायला लागला.

साडेआठला परात गेली. स्वयंपाकघर आणि अंघोळ उरकून किशोरी ओढणी घेऊन दाराकडे वळते तोच दार वाजलं. नसीबा नव्हती, तिची सून होती, घामाघूम, केसांना पीठ लागलेलं. हातात दोन्ही कान धरून आणलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं.

"हरीस," ती म्हणाली. "गहू, मटन. ममानं पहाटेपासून घोटलं." हे तिनं इंग्रजीत सांगितलं, पातेलं टेकवलं आणि भिंतीला धरून एक क्षण श्वास घेतला.

दार लागल्यावर किशोरी स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसली. साडेनऊ वाजले होते. बारा वाजता घर सोडायचं होतं. सामानाच्या पिशवीत आता अर्धा कांदा, कढीपत्ता आणि साईची चार बिस्किटं होती. आधी तिला हसू आलं, मग हसता हसता डोळ्यांतून पाणीच आलं.

"किशू? अगं, काय झालं?"

"मी पातेलं कशानं भरू?"

"नको भरूस! तू जा, समुद्रावर बस. मी धुऊन देऊन येतो."

"पहाटेपासून घोटलंय रे तिनं. आणि आपण काय, नुसतं धुऊन देणार?" ती नाक पुसत उठली. "मला तिथे बसून तेच दिसेल. रिकामं पातेलं."

निशांतनं रिकामे डबे काढून तिच्यापुढे ठेवले. सहा वर्षांच्या संसारात कुठे वाद घालायचा नाही, एवढं तो शिकला होता.

हरीस डब्यांत काढून किशोरीनं पातेलं लख्ख घासलं, तळाशी चार बिस्किटं ठेवली, साईला कडेवर घेतलं आणि या दोन दिवसांत पहिल्यांदाच ती स्वतः शेजारी गेली.

मागच्या दारानं गेली म्हणून तिला ते दिसलं. नसीबाच्या स्वयंपाकघरात पिठाचा धुरळा झाला होता. ओट्यावर किशोरीचाच शिरा डोंगरासारखा पडला होता. सून एका कोपऱ्यात कणीक तिंबत होती. खुद्द नसीबा जमिनीवर पाय लांब करून बसली होती आणि गुडघ्यांना कसलंसं मलम चोळत होती. किशोरीच्या हातातलं पातेलं पाहिल्याबरोबर तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते किशोरीनं ताबडतोब ओळखलं. आज सकाळी दार वाजल्यावर तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तेच आलं असणार.

नसीबानं भीत भीत पातेल्यात डोकावून पाहिलं. चार बिस्किटं. "अल्हम्दुलिल्लाह!" ती इतक्या मनापासून म्हणाली, की कोपऱ्यातली सून खुदकन हसली.

"तुम भेजता, मैं भेजता," नसीबा म्हणाली. "मैं भेजता, तुम फिर भेजता. मैं बोला, ये इंडिया का लड़की कब रुकेगा?"

"मैं कैसे रुकती, खाला? हमारे यहाँ बर्तन खाली नहीं लौटाते."

नसीबा मलम चोळायची थांबली. "तुम्हारा में भी?"

"मतलब... आपके यहाँ भी?"

मग नसीबा हसायला लागली. ती पोट धरून, गुडघे विसरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि तिला पाहून किशोरी. साई कडेवरून दोघींकडे आळीपाळीनं पाहत होता. "आई, व्हाय आर यू... मोठ्यानं?" असं त्यानं विचारलं, तर त्या आणखीच हसल्या.

तेवढ्यात उत्तम मागच्या दारातून आत डोकावला. त्याच्या हातातल्या थाळीत सुरमईचा भात, पुऱ्या आणि शिरा असं सगळं एकत्र होतं. दोन्हीकडे जे उरायचं, ते दोन दिवस त्याच्याकडे जात होतं.

"उत्तमभाऊ!" किशोरी कडाडली. "यांच्यातही भांडं रिकामं देत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"म्हायत होता, वैनी."

"मग सांगितलं का नाही?"

उत्तमनं थाळीकडे पाहिलं. "चौदा वर्सांनी कोणी घरचो लाडू हातार ठेवल्यान. माका वाटला, आजून एक दिस चलांदे."

नसीबानं डोळे पुसले. "बेटी, तुम सूर में क्या देखा? धाव, लकड़ी का जहाज, बनता है, वो देखा? किला?"

"कुछ नहीं देखा।"

"फिर आया किसलिए?"

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "समुद्र के सामने बैठना था। अकेले। एक घंटा।"

"बैठा?"

किशोरीनं नकारार्थी मान हलवली.

नसीबानं कपाळावर हात मारून घेतला. तिला सात मुलं झाली होती. पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. ती गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि सरळ साईपुढे दोन्ही हात केले. कुणाकडे न जाणारा साई मुकाट्यानं गेला.

"यल्ला, जाओ. बच्चा मेरे पास. तुम्हारा आदमी को कासम कॉफी देगा."

"कॉफी नको!" किशोरी घाईनं म्हणाली. मग तिनं विचार केला. "नाही... दो. कॉफी दो."

दहा वाजता ती भिंतीवर बसली. खरोखर एकटी. समोर निळं पाणी, दूर एक होडी, पायांखाली ओली वाळू. कुणी आई म्हणालं नाही. तिनं एक लांब श्वास सोडला, पाय वर घेतले, भिंतीवरच्या सिमेंटच्या नक्षीदार खांबाला गाल टेकवला आणि ठरवलं, की आता सगळं नीट, डोळे भरून बघायचं.

ती जागी झाली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं, पण तिच्या अंगावर सावली होती. साईला सुनेकडे ठेवून आलेली नसीबा शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, एका हातात तिच्यावर धरलेली काळी छत्री. बाजूनं जाळं ओढत, मोठमोठ्यानं बोलत जाणाऱ्या दोन कोळ्यांना ती ओठांवर बोट ठेवून दटावत होती.

"कितना बजा, खाला?"

"ग्यारह दस," नसीबा म्हणाली. "दस मिनट ऊपर दिया."

गाडीत सामान भरून झालं. पूल ओलांडताना निशांतनं हळूच विचारलं, "मिळाला ना तास? कसा होता समुद्र?"

"फार सुंदर," किशोरी म्हणाली. "अगदी शांत. एक लाटसुद्धा ऐकू आली नाही."

मागच्या सीटवरून साई पुढे वाकला आणि तिच्या गालावर बोट फिरवू लागला. तिथे सिमेंटच्या खांबाची नक्षी उमटली होती, कानापासून हनुवटीपर्यंत, खोल आणि व्यवस्थित.

"आई," तो म्हणाला, "तुझ्या फेसवर कुणी ड्रॉइंग केलं?"

निशांतनं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि हसू दाबत गाडीचा वेग जरा कमी केला. किशोरी पुन्हा झोपली होती.