तोळामासा प्रकृतीचे ग्रॅम

कागदोपत्री जुनी वजनं वापरायला बंदी आली, तेव्हा जावक कारकुनाच्या बायकोला त्याचं काहीच वाटलं नाही. तोळे-मासे, शेर-मण यांच्याशी तिचं देणंघेणं नव्हतं. नवऱ्याचं हृदय कमजोर होतं, कचेरी चौथ्या मजल्यावर होती आणि त्याला तळमजल्यावर बसायला जागा मिळावी, एवढीच तिची धडपड होती.

जुन्या वळणाच्या डॉक्टरांनी दाखला लिहून दिला : ‘यांची प्रकृती तोळामासा आहे. जिने चढू देऊ नयेत.’ दाखला नियमाप्रमाणे रूपांतर शाखेकडे गेला. तिथल्या साहेबांनी तोळ्याचे ग्रॅम केले, त्यात माशाचे मिळवले आणि शिक्का मारला : प्रकृती, १२.६३६ ग्रॅम. जिन्यांचं वाक्य त्यांनी वाचलं नाही. त्यात वजन नव्हतं.

पुढे आस्थापना शाखेनं अत्यंत सहानुभूतीनं विचार केला. बारा ग्रॅमच्या इसमाला जिन्याचा त्रास संभवत नाही. उलट तळमजल्यावर तो दारातल्या वाऱ्यानं उडून जाण्याची भीती. सबब अर्ज नामंजूर. खबरदारी म्हणून त्याला एक पेपरवेट देण्यात आला आणि तो सतत खिशात बाळगण्याची तंबीही.

बायको नवऱ्याला घेऊन तडक रूपांतर शाखेत गेली.

“साहेब, तोळामासा म्हणजे नाजूक. बोलायची पद्धत आहे ती.”

“असेल ना, ताई. पण त्या पद्धतीचे ग्रॅम किती?”

तिनं हट्टानं नवऱ्याला काट्यावर उभं केलं. काट्यानं चौसष्ट किलो दाखवले. साहेबांचा चेहरा पडला. बारा ग्रॅम सोडले तर हा अख्खा माणूस बेहिशेबी होता. एवढं वजन आणलं कुठून, याचा खुलासा त्यानं चौथ्या मजल्यावर समक्ष हजर राहून करावा, असं त्यांनी फर्मावलं.

“तुम्हाला रतीभर अक्कल नाही,” ती म्हणाली.

साहेबांनी शांतपणे हिशेब केला. अकलेत ०.१२१ ग्रॅमची तूट. म्हणजे बाकीची शाबूत. त्यांनी तिचे आभार मानले.

कारकून खिशात पेपरवेट घेऊन जिना चढू लागला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो दम खायला बसला, तो पुन्हा उठलाच नाही.

शोकसभा तळमजल्यावर झाली. मनावर मणभर ओझं आलंय, असं प्रत्येक सहकारी गहिवरून म्हणाला. साहेबांनी तत्परतेनं नोंद घेतली : प्रत्येकी सदतीस किलो तीनशे चोवीस ग्रॅम. एवढं ओझं घेऊन कुणाला जिने चढायला लावणं अमानुष ठरलं असतं, म्हणून सगळ्यांची टेबलं लगोलग खाली आली. बायको पेपरवेट परत करायला गेली, तेव्हा दाराशी ती टेबलं ओळीनं मांडलेली दिसली. तिला तिथेच रडू कोसळलं.

हे वाचून आपल्यालाही कणभर वाईट वाटलं असेल, तर कृपया कचेरीला कळवू नये. कण कुठल्याच कोष्टकात नाही. त्याच्यापुढे शून्य मांडतात, आणि ते बहुधा बरोबरच निघतं.