सहा पायांपर्यंतची उत्क्रांती

माणूस कुठून आला हा प्रश्न कितीही गहन असला, तरी त्याचं अंतिम उत्तर देण्याचा अधिकार शाळेच्या संचालक मंडळालाच असतो. आमच्या प्रताप नगरातल्या शाळेनं हा अधिकार गेल्या वर्षी वापरला. पालक-शिक्षक संघाचा सहसचिव या नात्यानं त्या सगळ्या कामाचं इतिवृत्त मी लिहिलं, त्यामुळे पुढची माहिती अधिकृत समजावी.

सुरुवात महादेवराव ठवकरांच्या तक्रारीनं झाली. त्यांचं नळाच्या तोट्या आणि पाइपांचं दुकान आहे. मुलगी भूमिका दहावीत. एका सकाळी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत आले आणि विज्ञानाच्या शामला गजभिये मॅडमना तिथं बोलावून घेतलं.

"मॅडम, माही पोरगी म्हणते, आबाजीच्या आबाजीचे आबाजी माकड होते. मी तवा माह्या बापाच्या फोटोले हार घालून राहिलो होतो. हार हातातच राह्यला ना!"

"भाऊ, माकडं आपले पूर्वज नाहीत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "फार फार मागं गेलं तर त्यांचे आणि आपले पूर्वज एक होते."

"म्हणजे नातेवाईकच झाले!"

"हो, लांबचे."

"हे तं त्याच्याहून वाईट झालं," महादेवराव म्हणाले आणि लेखी तक्रार देऊन गेले.

संस्थेचे अध्यक्ष चंपतराव धोटे हे न्यायी गृहस्थ. नरखेडकडे त्यांची संत्र्याची मोठी बाग आहे. त्यांनी आठवड्याच्या आत 'मानव उत्पत्ती निश्चिती समिती' नेमली. सदस्य आठ. सर्वांचं मिळून शिक्षण त्र्याण्णव वर्षं; त्यांपैकी जीवशास्त्राचं शून्य. (निःपक्षपातीपणासाठी ही काळजी मुद्दाम घेतली होती. मी स्वतः प्राणिशास्त्राचा एम.एस्सी. असल्यामुळे मला मताचा अधिकार नव्हता. फक्त लिहिण्याचा होता.)

पहिल्याच सभेत समितीनं अत्यंत उदार धोरण स्वीकारलं. उत्क्रांती शिकवावी, पण देवानं माणूस घडवला हेही तेवढाच वेळ शिकवावं. मुलांनी दोन्ही ऐकावं आणि जे घरी चालेल ते घ्यावं.

अडचण आली ती कोणत्या देवानं, या मुद्द्यावर. एका सदस्यानं ब्रह्मदेवाचं नाव सुचवलं. दुसऱ्याच्या कुलदैवताचा दावा त्याहून जुना निघाला. रामटेककडच्या एका गोंड पालकानं त्यांच्याकडची सृष्टीची कथा सांगितली. ती सगळ्यांत सुंदर होती, म्हणून तिच्यावर सर्वांत जास्त आक्षेप आले. मिशनच्या शाळेतून बदलून आलेल्या ख्रिस्ती मुलांच्या आणि कामठीहून येणाऱ्या मुस्लिम मुलांच्या पालकांनीही आपापली बाजू नोंदवली. एक बौद्ध पालक उभे राहून म्हणाले, "आम्ही घडवणारा मानतच नाही. आमचं काय?" समितीनं त्यांच्यावरही अन्याय होऊ दिला नाही. तास पस्तीस मिनिटांचा. बाजू उत्क्रांती धरून सात. प्रत्येकीला पाच मिनिटं. बौद्ध पालकांची पाच मिनिटं रिकामी ठेवण्यात आली. मुलांनी त्या वेळात पाणी पिऊन यावं, असं ठरलं.

"साडेतीनशे कोटी वर्षं पाच मिनिटांत कशी बसवू?" मॅडमनी विचारलं.

"भरभर बोला," एक सदस्य म्हणाले. बाकीचे गप्प राहिले, म्हणून मी 'एकमत' असं लिहिलं.

दरम्यान नरखेडला चंपतरावांच्या बागेवर काळी माशी पडली. पानं काळीठिक्कर झाली. त्यांनी फवारा मारला, पुन्हा मारला, मात्रा दुप्पट करून मारला. माशी जाईना. एका दुपारी त्यांनी मॅडमना कार्यालयात बोलावलं. मॅडमना वाटलं, नोटीस मिळणार.

"बाई, तुमी विज्ञानाच्या ना? मंग सांगा, औषध तेच, कंपनी तीच. माशी काहून मरून नाही राहिली?"

 मॅडम म्हणाल्या, "काका, पहिल्या फवाऱ्यात ज्या मरायच्या त्या मेल्या. थोड्या वाचल्या. त्यांच्यात ते औषध सोसायची ताकद मुळातच होती. आता बागेत आहे ती सगळी त्यांचीच पिलावळ. दर फवाऱ्याला तुम्ही कमजोर माश्या मारता आणि दणकट राखता. औषध बदला. आणि एकच औषध सारखं वापरू नका."

चंपतरावांनी टेबलावर हात आपटला. "याले म्हणते समजावून सांगणं! कोणत्या पुस्तकात आहे हे?"

"दहावीच्या. तुम्ही पाच मिनिटांवर आणलं, त्याच धड्यात. यालाच उत्क्रांती म्हणतात."

 चंपतरावांनी औषध बदललं. महिन्याभरात नवी पालवी आली आणि शिक्षकांच्या खोलीत संत्र्याची एक पेटी पोचली.

त्यानंतरच्या सभेत समितीचा ऐतिहासिक ठराव झाला. उत्क्रांती सत्य आहे. मात्र ती सहा किंवा अधिक पाय असलेल्या जीवांपुरतीच शिकवावी. चार पायांच्या प्राण्यांचा विचार (गाय वगळून) पुढील सभेत करावा. दोन पायांची पानं पुस्तकात टाचणीनं बंद करून ठेवावीत. या ठरावात विज्ञान, श्रद्धा आणि फळबागायत या तिन्हींचा योग्य मान राखला गेला, असं माझं आजही मत आहे.

ठरावावर सही करायला गजभिये मॅडमनी नकार दिला.

"माशी बदलते म्हणून सांगायचं आणि माणूस आला की टाचणी लावायची? मग पोरांना उद्या मी काहीही सांगितलं, तर त्यांनी ते खरं का मानावं?"  सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शाळेच्या कुठल्याही कागदावर सही नाकारली नव्हती. सोमवारपासून त्यांच्याकडून दहावी काढून पाचवीचा कार्यानुभव हा विषय दिला गेला. त्या कागदी पिशव्या शिकवू लागल्या.

रविवारी मात्र त्यांनी स्वतःच्या घराच्या व्हरांड्यात चटई टाकली आणि टाचणी लावलेली पानं शिकवली. अकरा मुलं आली. भूमिकाही आली, घरी न सांगता. महादेवराव तिला शोधत तिथं पोचले तेव्हा मॅडम माणूस दोन पायांवर कसा उभा राहिला ते सांगत होत्या.

"पाठीचा कणा चार पायांवर चालण्यासाठी तयार झाला होता. आपण तोच उभा केला. सगळा भार खालच्या मणक्यांवर आला. म्हणून आपली कंबर दुखते."

महादेवराव फाटकाशीच थांबले. मग आत येऊन जिन्याच्या पायरीवर हळूच, हाताचा आधार घेत बसले. "चौदा वर्षांपासून दुखून राहिली, मॅडम. पाइपं उचलून उचलून. पाच डॉक्टर केले, पण काहून दुखते हे कोणी सांगतलंच नाही." त्यांनी भूमिकेकडे पाहिलं. "तू बस वं. हे पुरं होऊ दे."

ठरावाविरुद्ध आक्षेपाची पंधरा दिवसांची मुदत होती. त्यासाठी शाळेच्या दारात एक वही ठेवली होती. दहा सह्या झाल्या असत्या तर ठराव रद्द होऊन मॅडमना दहावी परत मिळाली असती. पालकांमध्ये तीन डॉक्टर, एकवीस इंजिनिअर आणि एक कृषी विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ आहेत. मॅडमच्या मोबाइलवर पाठिंब्याचे चौसष्ट अंगठे आले. एकोणीस जणांनी 'आम्ही तुमच्यासोबत आहोत, फक्त आमचं नाव घेऊ नका' असं कळवलं.

वहीत सही एकच झाली. महादेवराव ठवकरांची. आक्षेपाचं कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : 'कंबर'.

मुलाला सोडताना आणि आणताना मी त्या वहीसमोरून रोज दोनदा जात होतो. पेन खिशात होतं.

सोळाव्या दिवशी ठराव कायम झाला. नियम असा, की ज्यांनी सही केली नाही त्यांची संमती धरावी आणि त्यांची नावं इतिवृत्तात नोंदवावी. मी माझ्यापासून सुरुवात केली. मग डॉक्टर, इंजिनिअर, कीटकशास्त्रज्ञ, मग हे सगळं ऐकून 'कमाल आहे' म्हणत हसलेले आणि दुसऱ्या कामाला लागलेले. तुमचं नाव नेमकं कसं लिहिता, तेवढं कळवा. जागा ठेवली आहे.